दोन बोटं माया

मास्तरांचा कोड पहिल्या फटक्यात बरोबर लागला असेल तर शपथ.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, म्हणून गल्लीत मला झेरॉक्सबाई म्हणतात. झेरॉक्स नावाला. खरं काम म्हणजे लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं. सरकारनं सगळी कामं घरबसल्या होतील अशी सोय केली, आणि तेव्हापासून घरी बसलेली सगळी माणसं माझ्या दुकानात येऊन बसायला लागली. पंखा माझा, वीज माझी, आणि पासवर्ड विसरले ते, की बोलणी खायलाही मीच.

मास्तर यायचे एक सोमवार सोडून दुसऱ्या सोमवारी. मी शटर वर करते न करते तोच जिना उतरून हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, दाढी गुळगुळीत, केस पाणी लावून बसवलेले. बघणाऱ्याला वाटावं, माणूस मुलाखतीला निघालाय. निघालेले असायचे माझ्याकडच्या डुगडुगत्या स्टुलावर बसून आपण अजून बेकार आहोत हे सांगायला.

ज्याची नोकरी जाते त्याला सरकार काही महिने बेकारभत्ता देतं. पण आयता देत नाही. दर पंधरवड्याला संगणकावर जाऊन कबूल करावं लागतं की होय, मला अजून काम मिळालेलं नाही. आणि ते कबूल करण्याआधी तुम्ही खरोखर तुम्हीच आहात हे पटवावं लागतं. त्यासाठी मोबाइलवर सहा आकडी कोड येतो, तो घातला की खातं उघडतं, ‘नाही’ या शब्दासमोर खूण करायची, आणि चार दिवसांनी पैसे बँकेत. पोरखेळ आहे. बाकीच्यांचं मी चहा पिता पिता उरकते.

मास्तरांचं मात्र इथेच घोडं पेंड खायचं. त्यांचा कोड त्यांच्या मोबाइलवर यायचाच नाही. तो जायचा त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर, दूरच्या शहरात. मी बटण दाबलं की मास्तर तिला एका बोटानं लिहायचे, “कोड पाठव.” मग फोन दोन्ही हातांत धरून बसायचे. थोड्या वेळानं फोन थरथरायचा. सहा आकडे. ना कसा आहेस, ना जेवलास का. नुसते आकडे.

मास्तर आकडे वाचायचे, मी टाइप करायची, आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची. कोड चुकीचा आहे.

“सहा होता की नऊ?” मी विचारायची.

“नऊ वाटला खरा. सहा असेल.”

“बघू इकडे.”

फोन द्यायचे नाहीत. छातीशी धरायचे. “राहू दे बाई, तिच्याकडून परत मागवतो.” आणि लिहायचे, “चुकला. परत पाठव.” पुन्हा वाट बघणं, पुन्हा थरथर, पुन्हा सहा आकडे. दुसरा कोड बरोबर लागायचा. मास्तर माझे पैसे काउंटरवर ठेवायचे आणि वर जायचे.

“डोळे तपासून घ्या, मास्तर,” मी दर वेळी सांगायची. “चष्मा लागलाय तुम्हाला.”

“घेतो, घेतो,” ते म्हणायचे. आणि जाता जाता, त्याच बिघडलेल्या डोळ्यांनी, “बाई, तुमच्या डाव्या बाहीचा टाका सुटलाय, काखेत. आज घालून घ्या, नाहीतर उसवत जाईल.” बाही बघितली तर टाका खरंच सुटलेला. दिवसाकाठी पन्नास माणसांच्या लबाड्या ओळखणारी मी, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

मास्तर कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर खडूनं आखणी करायची, आणि एका दमात सगळे थर कापायचे. एक चूक म्हणजे शंभर शर्टांची चूक. म्हणून कात्री चालू असताना तोंड बंद, हा त्यांच्या टेबलाचा कायदा होता. तो कायदा त्यांनी घरीही आणला. भाजी चिरतानासुद्धा बोलायचे नाहीत. बायको होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली तेव्हा मुलगी शाळेत जात होती. मग मुलगी तिघांच्या वाटचं बोलायला लागली.

तिला सगळे बॉबिन म्हणायचे. शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी एका जागी ठरायची नाही, सतत गरागरा. शाळा सुटली की थेट कारखान्यात, बापाच्या टेबलाखाली चिंध्यांत बसायची. बापाला अरे-तुरे करायची, आणि मास्तरांना ते फार आवडायचं. “बाबा, तू गप्प का? बाबा, तू ऐकतोयस का?” जिन्यात तिचा आवाज आधी यायचा, ती मागून. दुकानावरच्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर, त्यामुळे मला रेडिओ लावायची गरज पडली नाही.

तिचे कपडे मास्तर घरी शिवायचे. शिवणाऱ्यांच्या भाषेत एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, पुढे उसवून कपडा वाढवता यावा म्हणून, ती माया. कारखान्यात माया ठेवायची सोय नाही, तिथे कापडाचा दोरा न दोरा वाचवायचा असतो. मास्तर ती सगळी कसर पोरीच्या फ्रॉकवर काढायचे. प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया. दरवर्षी थोडं उसवायचे, थोडं सोडायचे. बॉबिनचा एकेक फ्रॉक इतकी वर्षं चालायचा की आम्हीच त्याला कंटाळायचो. फ्रॉकच्या खालच्या घेरावर जुन्या दुमडीच्या फिकट रेघा दिसायच्या, एकाखाली एक, आणि त्यावरून पोरगी कधी किती वाढली ते सांगता यायचं.

मोठी झाल्यावर ती संगणकावर आखणी करायला शिकली. मास्तर गल्लीभर सांगत सुटले. न बोलणारा माणूस, पण त्या आठवड्यात त्यांचं तोंड बंद होईना. त्यांच्याच कारखान्यात तिला नोकरी लागली. बाप टेबलावर, मुलगी वरच्या काचेच्या खोलीत. दुपारी डबा एकत्र.

आणि मग कारखान्यानं कापायचं यंत्र आणलं. संगणकावरची आखणी थेट यंत्रात जायची आणि यंत्र आपलं आपण कापायचं. ते चालवायला बसवलं बॉबिनला. कटिंगची टेबलं उचलली, टेबलांवरची माणसं काढली. मास्तरही त्यातच. पहिलं कापड कापलं तेव्हा सगळ्यांना बघायला उभं केलं होतं. बटण दाबलं ते बॉबिननं.

त्या संध्याकाळचं भांडण मी माझ्या दाराआडून ऐकलं. ऐकू नये असं पुष्कळ वाटलं, पण दार पातळ आहे.

“बाबा, मी नसते बसले तर दुसरं कुणी बसलं असतं,” ती म्हणत होती.

“बसू द्यायचं होतं. परक्यानं पोटावर पाय दिला असता तर सोसला असता मी.”

शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी मास्तर म्हणाले, अगदी शांतपणे, “तुझ्या यंत्राला माया सोडायची माहीत नाही. तुलाही नाही.”

त्यानंतर आवाज आला नाही. तिचाही नाही. चार-सहा दिवसांत कळलं की कारखान्यानं तिला दूरच्या शहरातल्या मोठ्या शाखेत पाठवलंय.

जायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. बापाचा बेकारभत्त्याचा अर्ज भरायला. मास्तरांना सही करायला खाली बोलावलं, त्यांनी तिच्याकडे न बघता सही केली आणि निघून गेले. टेबलावर फोनला बंदी म्हणून मास्तरांनी आयुष्यात मोबाइल घेतला नव्हता. मोबाइल नंबरच्या रकान्यात मी कुणाचा घालू म्हणून विचारलं, तर तिनं आपला सांगितला.

“तुझा कशाला? तू तर चाललीस.”

“असू दे,” ती म्हणाली.

गेली ती आपला जुना फोन बापाच्या जेवायच्या ताटाशेजारी ठेवून. त्यात एकच नंबर होता, तिचा.

तेव्हापासून मास्तर वाट बघत होते. तसं कुणाला सांगायचे नाहीत, पण वाट बघणाऱ्याची चाल कळते. जिन्यात कुणाची पावलं वाजली की त्यांचं दार बोटभर उघडायचं आणि मिटायचं. खोलीत तिच्या कॉटवर चादर रोज ताणून घातलेली. एकदा मी वाटीभर साखर मागायला गेले, तर टेबलावर करड्या गरम कापडाचे तुकडे टाचण्या लावून ठेवलेले दिसले.

“कोट?” मी विचारलं.

“तिकडे थंडी असते म्हणतात.”

“मग शिवून टाका की. नुसता कापून काय ठेवलाय?”

“माप जुनं आहे, बाई. अंगानं भरली असेल का तिकडे? की वाळली असेल?” त्यांनी एक तुकडा उलटा करून दाखवला. “दोन बोटं माया ठेवलीये. पण तरी अंदाज लागत नाही.”

“विचारा ना तिला माप.”

“माप विचारलं तर तिला कळेल मी कोट शिवतोय.”

“कळू दे की!”

मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना भर रस्त्यात नाचायला सांगितलंय. साखर दिली आणि दार लावून घेतलं. या माणसापुढे हात टेकले होते मी.

तर, असे पंधरवडे चालले होते. कोड चुकायचा, परत यायचा, भत्ता मिळायचा. पुढे थंडीतला एक सोमवार आला. नेहमीप्रमाणे पहिला कोड चुकला. दुसरा आला. फोनकडे बघून मास्तरांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं कुठूनतरी नोकरीचा निरोप आलाय. त्यांनी आकडे सांगितले. चुकले. पुन्हा मागवला. पुन्हा चुकला. पुन्हा.

“मास्तर, काय चाललंय? नीट बघून सांगा.”

“अजून एकदा, बाई. एकदाच.”

त्या ‘एकदाच’ला पडदा लालभडक झाला. सुरक्षेच्या कारणास्तव आपले खाते बंद करण्यात आले आहे. देय रक्कम रोखण्यात आली आहे. कार्यालयाशी संपर्क साधावा.

मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. इतका महत्त्वाचा होता की उचलायची कुणाची छाती होईना. दोन दिवस मी कानाला फोन लावून झेरॉक्स काढल्या.

या महिन्याचं भाडं त्याच भत्त्यातून जायचं होतं. घरमालक वाईट नाही, पण मागच्या खेपेला त्यानं मास्तरांना सरळ सांगितलं होतं, आता उशीर झाला तर खोली दुसऱ्याला देईन. मास्तरांना पैशांची तशी फिकीर नव्हती. एक वेळ जेवूनही ते गळ्याचं बटण लावून हिंडले असते. खोली गेली तर काय, ही धास्ती मात्र त्यांना बसली. जिन्यात मला गाठून म्हणाले, “ती कधी परत आली, तर कुठे येईल? तिला हीच खोली माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन भत्त्याच्या कचेरीत गेले. सकाळचा धंदा बुडाला म्हणून वाटभर कुरकुरत होते, ते त्यांनी मुकाट ऐकून घेतलं.

कचेरी म्हणजे एक लांब खोली. भिंतीला चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हातात नंबराचं चिटोरं, वर नंबर दाखवणारी पाटी. सगळी माणसं त्या पाटीकडे डोळे लावून बसलेली, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मास्तर पुढच्या माणसाच्या कोटाची पाठ न्याहाळत होते. “यंत्रावरचा आहे,” एवढंच हळूच म्हणाले.

आमचा नंबर लागला. खिडकीत एक तरुण मुलगी होती. सर्दीनं नाक लाल, गळ्याला मफलर, समोर रुमालाचा गोळा. तिनं खातं उघडलं आणि बराच वेळ वरखाली करत बसली.

“काका, यात जरा भानगड दिसतेय,” ती म्हणाली. “तुमचा पहिला कोड दर वेळी चुकलाय. अगदी सुरुवातीपासून. दुसरा दर वेळी बरोबर. आणि परवा तर पाठोपाठ चुकतच गेलाय. असं कोण करतं माहितीये? दुसऱ्याच्या खात्यात घुसणारे करतात.”

“अहो, त्यांना दिसत नाही नीट,” मी मध्ये तोंड घातलं. “किती दिवस सांगतेय, चष्मा करा, चष्मा करा.”

“दिसतं मला,” मास्तर म्हणाले.

“मग चुकतं कसं?”

मास्तरांनी गळ्याचं बटण चाचपलं. “मी मुद्दाम चुकीचा सांगायचो.”

मुलगी शिंकायच्या बेतात होती, ती थांबली.

“कोड मुलीकडे जातो,” मास्तर खाली बघत सांगायला लागले. “ती मला पाठवते. बरोबर लागला की झालं, मग पंधरा दिवस तिचं काही येत नाही. चुकला की अजून एकदा येतं. तेवढंच. पहिल्याच फटक्यात नेमकं कापून टाकलं की पुढे वाढवायला काही उरत नाही हो. थोडी माया ठेवावी लागते.”

मुलीला काही उमगलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मला उमगलं होतं, आणि मी कचेरीच्या छताचे पोपडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय राहिली नव्हती.

“आणि परवा?” शेवटी मीच विचारलं. “परवा एवढे कोड कशाला वाया घालवलेत?”

त्यांनी फोन काढला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्या हातात दिला. आकडे, त्याखाली आकडे, मध्ये मध्ये मास्तरांचं ‘चुकला. परत पाठव.’ आणि परवाच्या दुसऱ्या कोडखाली दोन शब्द. चष्मा लाव.

“ती गेल्यापासूनचा पहिला शब्द,” मास्तर म्हणाले. “मला वाटलं, अजून एकदा चुकलो तर अजून काही लिहील.”

“लिहिलं?” खिडकीतल्या मुलीनं विचारलं. आमच्या मागचे नंबर खोळंबले होते, पण तिनं विचारलं.

“नाही. नुसते आकडे आले. मग खातंच बंद पडलं.”

मुलीनं नाक पुसलं. “काका, खात्याला तुमचा स्वतःचाच नंबर लागतो. मी बदलून देते, दोन मिनिटांचं काम आहे. अडकलेले पैसे लगेच सुटतील.”

“आहे तोच राहू दिला तर नाही का चालणार?”

“नाही चालणार.”

“मी आता बरोबर सांगत जाईन. पहिल्यांदाच. शब्द देतो.”

साठीला आलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा शब्द देत होता. मी त्यांच्या कोपराला हात लावला, तो त्यांना कळलाही नाही.

“काका, ऐका,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. “तोच नंबर ठेवला तर मला हे प्रकरण चौकशीला पाठवावं लागेल. मग ज्यांचा नंबर आहे त्यांना विचारणा होते. त्या नोकरी करतात ना? तिकडेही पत्र जातं. बापाच्या भत्त्यावर डल्ला मारतात की काय, असा संशय घेतात.”

“बदला,” मास्तर म्हणाले. तिचं वाक्य संपलंही नव्हतं. “आत्ता बदला.”

त्यांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता, स्वतःला कोण फोन करतं? फोनच्या पाठीला बॉबिनच्या अक्षरात चिकटवलेला होता, तो मी वाचून दाखवला. लगेच त्यांच्या हातातला फोन थरथरला. मास्तर दचकले. मग फोन हातभर लांब धरून त्यांनी सहा आकडे खणखणीत वाचले. बरोबर निघाले. पहिल्या फटक्यात.

परतताना मास्तर कात्री चालू असल्यासारखे गप्प. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, “आता तिला लिहू कसा?”

“लिहायला काय झालं? बाप आहात.”

“काहीतरी निमित्त लागतं, बाई. जे बोलून बसलोय, त्यानंतर नुसताच कसा जाऊ तिच्यापुढे? कोड होता, म्हणून जात होतो.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडाला कुलूप नाही, अशी माझी ख्याती आहे. पण त्या दिवशी मी मुकाट्यानं दुकान उघडलं.

पैसे आले. भाडं गेलं. खोली राहिली.

पुढच्या पंधरवड्याचा सोमवार उजाडला. मास्तर उतरले, तोच इस्त्रीचा शर्ट. मी बटण दाबलं, त्यांच्या खिशात फोन वाजला, त्यांनी आकडे सांगितले, खातं उघडलं, मी ‘नाही’समोर खूण केली. चहा निवायच्या आत काम उरकलं. मास्तर मात्र स्टुलावरून उठेनात. पूर्वी जेवढा वेळ वाट बघायला लागायचा तेवढा वेळ तसेच बसून राहिले, फोन दोन्ही हातांत धरून. मी या माणसाला डोळ्यांवरून, वेळेवरून किती टाकून बोलले होते. आता त्याचा कोड एकदा तरी चुकावा असं मलाच वाटायला लागलं.

आणि तेव्हा मला काउंटर आठवला. अर्ज भरायच्या दिवशीचा. त्यावर नव्या सिमचं पाकीट पडलं होतं, बॉबिननं शेजारच्या दुकानातून नुकतंच आणलेलं.

“मास्तर,” मी म्हटलं, “अर्ज भरला त्या दिवशी तुमच्या फोनचं सिम तिच्याजवळ होतं. फोन ती तुमच्यासाठी ठेवूनच जाणार होती. मग अर्जात तो नंबर का नाही घातला तिनं?”

“विसरली असेल.”

“तुमची बॉबिन? सगळ्या कारखान्याची आखणी करणारी? मी विचारलं होतं तिला, तुझा नंबर कशाला म्हणून. ‘असू दे’ म्हणाली. मला वाटलं घाईत आहे.” मी संगणकाकडे तोंड फिरवलं. “माया सोडायची माहीत नाही म्हणालात ना तिला? बघा म्हणजे.”

मास्तर उठले, आणि माझे पैसे द्यायचे विसरून वर गेले. असं कधी झालं नव्हतं.

दुपारी दुकानात गर्दी होती. एकाचा दाखला, दुसरीचं हॉलतिकीट. जिन्यावरून कुणी धावत उतरतंय असं वाटलं, बघते तर मास्तर. गळ्याचं बटण उघडं. फोन माझ्यापुढे धरलेला.

बॉबिनचा निरोप होता. एकच शब्द. “कोड?”

सोमवारची दुपार झाली तरी बापानं कोड मागितला नाही, म्हणून विचारत होती.

“लिहा,” मी म्हटलं. “आता तिनं विचारलंय. आता तरी लिहा.”

मास्तर स्टुलावर बसले आणि लिहायला लागले. लिहायचे, पुसायचे. गिऱ्हाईकं खोळंबली, एक-दोघं निघूनही गेली. ‘खातं बंद पडलं होतं’ असं लिहिलं, पुसलं. ‘मी बरा आहे’ लिहिलं, पुसलं. ‘माप’ एवढंच लिहिलं आणि तेही पुसलं. मी दात-ओठ खात बघत होते. शेवटी त्यांनी सकाळी स्वतःला आलेला निरोप काढला, आणि त्यातले सहा आकडे एकेक करून टाइप केले. पुन्हा एकदा ताडून बघितले. आणि तेच तिला पाठवून दिले. बाकी काही नाही.

“हे काय केलंत?” मी कपाळावर हात मारला. “ती काय करणार त्या आकड्यांचं?”

मास्तर फोन दोन्ही हातांत धरून बसले होते.

फोन थरथरला. त्यांनी बघितलं. जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं. मग फोन माझ्याकडे दिला. “वाचा हो बाई. मला खरंच दिसत नाहीये.”

त्यांचे डोळे भरून वाहत होते. कुणाला दिसलं असतं?

मी वाचलं, “चुकला. परत पाठव.”

दुकानात तीन माणसं उभी होती, कुणाला काही कळलं नाही. मास्तरांनी बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे कान केला.

“नीट ऐकू नाही आलं, बाई,” ते म्हणाले. “परत वाचा.”